केंद्रकाला ताण कळतो काय?

किस्से जमवायला कोणी मुद्दाम बसत नाही. काम अडतं, आणि अडलेल्या कामाभोवती ते आपोआप साचतात. आमचं काम तर नेहमीच अडलेलं असायचं!

सत्तरच्या दशकाची अखेर. नागपुरातल्या एका कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग. प्रमुख देवतळे सर. त्यांच्या हाताखाली शकुंतला मेश्राम आणि मी. सरांना एकच ध्यास. पेशी बाहेरून ताणली तर तिच्या मधोमध बसलेल्या केंद्रकाला ते कळतं का? बरेच जण म्हणायचे, केंद्रकाला बाहेरच्या ओढाताणीशी काय घेणं? सर म्हणायचे, "दार आपटलं की आतल्या खोलीतली समई हालते का नाही गा?"

*

पेशी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या. त्या ताणायच्या तर रबराच्या पातळ पडद्यावर वाढवायला हव्यात. सर सीताबर्डीवर फुग्यांच्या दुकानात गेले आणि एकेक फुगा ताणून, उजेडात धरून पाहू लागले. दुकानदार वैतागला. "साहेब, पोरगं केवढं आहे?"

"पोरगं नाही, कोंबडीचं पिल्लू आहे," सर म्हणाले. "अजून अंड्यातून निघालं नाही!"

*

एकदा प्राचार्यांनी शिपायाला विचारलं, "देवतळे काय करताहेत?"

"लॅबमध्ये ताणून राहिले, साहेब."

भरदुपारी झोपलेल्या माणसाला पकडायला प्राचार्य तरातरा आले. पाहतात तर सर फुगा ताणायच्या चौकटीचा स्क्रू फिरवताहेत! प्राचार्य ओशाळले. "मला वाटलं, तुम्ही ताणून दिली."

"फुगा फाटला की मंग देतो, साहेब!"

*

मे महिन्यात एक दिवस न ताणलेल्या पेशींची केंद्रकंही मायक्रोस्कोपखाली थरथरताना दिसली. सर खुर्चीतून उठलेच. शकुंतलेने टेबलावर तळहात ठेवला. "सर, खिडकीतला कूलर टेबलाला टेकला आहे."

कूलर बंद केला. केंद्रकं थांबली, शोधही थांबला, आणि आम्ही घामाने निथळायला लागलो. सर म्हणाले, "लावा गा कूलर. शोध नाही तर नाही, हवा तरी खाऊ!"

*

शकुंतलेची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली होती. मागच्या रांगेत तिचे वडील बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांचं आयुष्य गेलं होतं.

तिने मोठे फोटो लावले. ताणलं की गोल केंद्रकं लांबट होत. सोडलं की बहुतेक परत गोल. पण फार वेळ ताणलेली काही तशीच लांबट राहत. बाहेरगावच्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, हा योगायोग कशावरून नाही? ती म्हणाली, पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तसंच झालं. त्यांचा चेहरा काही सैल पडला नाही. ते लिहीत राहिले. देवतळे सर खिडकीबाहेर बघत होते.

शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं, श्रोत्यांपैकी कोणाला प्रश्न? असं विचारायचं असतं, कोणी उठायचं नसतं.

तिचे वडील उठले. फोटोकडे बोट करून म्हणाले, "त्या मधल्या गोळ्याले तुमी इतकं ताणता. त्याले दुखते काय?"

कोणीतरी हसलं. शकुंतला हसली नाही. इतका वेळ ती इंग्रजीत बोलत होती.

"दुखत नाही, बाबा. पण त्याच्या ध्यानात राहते."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.