मी न पाहिलेले गोल

आपल्या देशाच्या फुटबॉल टीमचा मी पक्का चाहता आहे, वीस-बावीस वर्षांपासून. आणि मागच्या वर्षापर्यंत आपल्या टीमचा एकही गोल मी होताना पाहिला नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या बोरगाव मेघेत तर पहिल्या वाक्यालाच हसतात. "भारत फुटबॉल बी खेळते का?" बाजारात माझ्या ढिगातली वांगी निवडता निवडता विचारतात. हेच लोक वर्ल्ड कप आला की ब्राझील नि अर्जेंटिनासाठी चौकात एकमेकांच्या उरावर बसतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, खेळते ना! हरते, पण खेळते. तुमचं काय जाते?

अख्ख्या वस्तीत या टीमचे चाहते दोनच, मी आणि माझा दोस्त. मी वस्तीमागच्या वावरात भाजीपाला पिकवतो, त्याचं किराणा दुकान आहे. कॉलेजात तो गोलकीपर होता आणि मी पुढे पळणारा. माझं पळणं अजून सुटलेलं नाही. एका जागी बूड टेकवून बसणं मला जमतच नाही. बायको म्हणते, यांच्या पायाला भिंगरी बांधली आहे.

सामना पाहायचा तो त्याच्याकडे, दुकानामागच्या खोलीत. सुरुवातीला दोघंही टीव्हीसमोर बसायचो. एकदा मी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला अंगणात गेलो आणि आतून तो ओरडला, "आला बे!" धावत आलो तर गोल होऊन गेला होता, रिप्ले चालू होता. मी खाली बसलो आणि पाचच मिनिटांत समोरच्यांनी आपल्यावर गोल चढवला. माझ्या दोस्ताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बॉल मीच आत ढकलला. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच झालं. मग मी कानाला खडा लावला. पनौती मीच, यात दोघांनाही शंका उरली नाही.

तेव्हापासून नियम ठरला. त्याने आत बसून पाहायचं, मी अंगणात फेऱ्या मारायच्या, फाटकापासून धुण्याच्या दगडापर्यंत आणि परत, पूर्ण नव्वद मिनिटं. "आला बे!" ऐकू आलं की आत जायचं, रिप्ले पाहायचा, त्याला मिठी मारायची आणि पुन्हा बाहेर. पुढे खर्रा सुटला, फेऱ्या नाही सुटल्या. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खिडकीतून म्हणायच्या, "भाऊजी, घडीभर बसा ना, बाप्पा! माह्या अंगणात पायवाट पाडली तुम्ही." खरंच पडली होती. भिंतीपलीकडे हजारो माणसं ओरडताहेत आणि आपण सीताफळाच्या झाडाखाली उभे, काय झालं ते कळायला मार्ग नाही. जीव नुसता टांगणीला. रेफरीला शिव्यासुद्धा मी त्याला न पाहताच घालायचो.

मागच्या वर्षी एक सामना परदेशात होता, आपल्याकडे संध्याकाळची वेळ. आत मोठा गलका झाला आणि पाठोपाठ हाक आली, "आला बे! आला!" मी उड्या मारत आत गेलो. टीव्हीवर पांढऱ्या शर्टातले खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडलेले, निळ्या शर्टातले आपले कमरेवर हात ठेवून उभे. आपला गोलकीपर गवतावर पालथा. गोल त्यांचा होता. आणि माझा दोस्त टीव्हीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून हसत उभा होता.

मला वाटलं, मस्करी करतोय. टीमच्या बाबतीत मस्करी मला खपत नाही. मी खेकसलो, "डोळे फुटले काय बे तुहे?"

त्याने हात खाली घेतले. "फुटले ना," तो म्हणाला. "सहा महिने झाले."

शुगरने त्याच्या डोळ्यांचे पडदे गेले होते. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून झालं होतं, डॉक्टरांनी नजर परत येणार नाही म्हणून सांगितलं होतं. उजेड कळायचा, माणूस हलला तर कळायचं, पण बॉल दिसत नव्हता. दुकानात हल्ली वहिनीच माल मोजून देतात हे मी रोज पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हा आळशी झाला. रोज भेटणारा माणूस मी! टीव्हीवरचं फडाफडा इंग्रजी त्याला उमगायचं नाही. तो नुसत्या गलक्यावरून गोल ओळखायचा. सामना आपल्या मैदानावर असला की गलका आपलाच, म्हणून आजवर निभावलं होतं. या वेळी मैदान त्यांचं होतं आणि गलकाही त्यांचा.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं तू आत येऊन बसला असता. मंग टीमचं काय?"

खरं सांगतो, लपवून काय करू, त्या क्षणी मला त्याचं म्हणणं पटलं. घरी जाताना मात्र स्वतःची इतकी लाज वाटली की रस्त्यात ओळखीच्यांनी हाक मारली तरी मी थांबलो नाही.

पुढचा सामना सहा आठवड्यांनी होता. तो हरलो की आपण स्पर्धेबाहेर. ते सहा आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. वांग्यांना सोडलेलं पाणी मेथीत शिरलं. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता मध्येच उठून बांधावरून चालायला लागायचो. आत बसलो तर टीम बुडते, बाहेर राहिलो तर दोस्त अंधारात. जेवताना ताट अर्धं ठेवून उठलो तेव्हा बायको म्हणाली, "मॅच तुम्हीच खेळून राह्यले का?"

सामन्याच्या संध्याकाळी मी त्याच्या दाराशी गेलो आणि उंबऱ्यावर अडलो. त्याने पावलांवरून ओळखलं. "बाहेर हो," तो म्हणाला. "आज तं बिलकुल आत येऊ नको."

मी गेलो बाहेर. गेलो ना! दुसरीच फेरी होती, दगडापाशी पोचलो होतो, तेवढ्यात आत गलका उठला. मी हाकेची वाट पाहत थांबलो. हाक आली नाही. खिडकीतून त्याचा आवाज आला, अगदी हळू, "कोणाचा झाला?" वहिनी दुकानात होत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो टीव्हीलाच विचारत होता.

माझे पाय आपसूक वळले. आत जाऊन त्याच्या शेजारी खाटेवर बसलो आणि सांगितलं, "त्यायचा झाला."

"तू काऊन आला बे? जा ना!"

"नाई जात," मी म्हणालो. "गप बस नि ऐक."

मग मी सांगत सुटलो. बॉल कोणाकडे आहे, कोण पडलं, कोण उगाच लोळतंय. सारखा उठायचो, तो बाही धरून मला खाली ओढायचा. मध्यंतरानंतर त्यांनी दुसरा गोल केला, तोही सांगितला. आणि मग डाव्या बाजूने आपला एक पोरगा निघाला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला मागे टाकलं, बॉल उंच आत दिला आणि मधल्याने डोकं लावलं. जाळी हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आपला गोल होताना पाहत होतो.

"काय झालं? सांग ना बे! कोणाचा?"

"आला बे!" मी ओरडलो. "आला, आला, आपला आला!" आणि रडायलाच लागलो, एवढा मोठा माणूस.

तेवढाच. दोन-एकने हरलो आणि बाहेर पडलो. मी टीव्ही बंद केला. म्हणालो, "माह्यामुळं गेलो आपण."

"गेलो तं गेलो," तो म्हणाला. "तो गोल परत सांग. हळूहळू सांग, रिप्लेसारखा."

मी पहिल्यापासून सांगितला. तो मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्याने माझा हात धरला. "थांब. त्यायच्या कीपरनं उडी कोणत्या बाजूनं मारली?"

मी कीपरकडे पाहिलंच नव्हतं. तसं त्याला सांगितलं.

"पुढच्या टायमाले पाह्यजो," तो म्हणाला.