सुट्टीआधी तोडलेली फाईल

बहिणीचं लग्न अकोल्याला होतं आणि मला पाच दिवस सुट्टी हवी होती. राजापेठेतल्या आमच्या चार माणसांच्या ऑफिसात ताईंनी, म्हणजे माझ्या सीनियरने, अर्ज वाचला आणि माझ्या स्क्रीनकडे बोट केलं.

"जा ना. पन हे कोन सांभाळन?"

'हे' म्हणजे एका अभ्यासिकेची वेबसाईट. खुर्च्यांचं बुकिंग, वेळा, तारखा, सगळ्याचा जावास्क्रिप्ट कोड मी एकाच लांबलचक फाईलीत लिहिला होता. त्यात दुसरं कोणी डोकावत नसे, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. कोणी डोकावलं की प्रश्न विचारतं.

"तुह्या फाईलीत हात घालाचं भेव लागते वं," ताई म्हणाल्या. "तोड इले. मंग जा."

मी तोडली. खुर्च्यांची एक फाईल, वेळांची दुसरी. चालवून पाहिलं तर एरर. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भातकुलीच्या घरून स्कूटीवर आल्या. तोंडावरचा स्कार्फ सोडता सोडता त्यांनी पाहिलं आणि हसू लागल्या. मी एकाही फंक्शनपुढे एक्स्पोर्ट लिहिलं नव्हतं. एका फाईलीला दुसरीतलं काही घेताच येत नव्हतं.

"सगळंच लपून ठेवलं! बाकीच्यायले लागते तेवढं त दे."

घाबरून मी सगळ्यांपुढेच एक्स्पोर्ट लावलं. "आता घरच उघडं टाकून राह्यली," म्हणत त्यांनी निम्म्याहून जास्त काढून टाकलं.

तरी अडलंच. वेळांची फाईल सुरू होतानाच खुर्च्यांकडून तारखांची यादी मागायची आणि खुर्च्यांची फाईल वेळांकडून वेळा. दोघी एकमेकींसाठी खोळंबलेल्या. ताईंनी यादी उचलून तिसऱ्या फाईलीत ठेवली; दोघींनी तिथून इम्पोर्ट करायची. मग डबा उघडून अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. सुट्टी मंजूर झाली होती.

हळदीच्या दिवशी त्यांचा फोन आला. मी मांडवाबाहेर पळाले.

"अभ्यासिकेवाल्यायले आता सकाळी पाचले उघडाची हाय."

"लॅपटॉप आणलाय ताई, लगेच करते."

"काहून? झालं ना. वेळेची फाईल उघडली, एक ओळ बदलली. बाकीच्याले हातबी नाही लावला."

"मग फोन?"

"काहून, करू नाही काय? नवरी कशी दिसून राह्यली ते सांग."

मी साडीच्या काठापासून सुरुवात केली. आतून दोनदा हाक आली, तरी माझं सांगणं संपेना.