अंत्युखियाचे व्याही

मुलीच्या लग्नाची बोलणी मी लेथ मशीनच्या सौद्यासारखी केली आणि त्यापायी ते लग्न मोडायच्या बेताला आलं. हे मी आज कबूल करतो. त्या वेळी कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

माझा धंदा जुन्या मशीनचा. अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, एखादं वर्कशॉप बंद पडलं की मी तिथे पोचायचो, मशीनवरून नख फिरवून झीज बघायचो आणि मनातल्या किमतीच्या निम्मा आकडा सांगायचो. समोरचा दुप्पट सांगायचा. मग चहा, मग भांडण, मग पुन्हा चहा. नववी नापास माणसाने इंदिरानगरात घर बांधलं, ते या एका कलेवर.

मुलगी अंबडच्याच एका कंपनीत नोकरीला होती. तिथल्या एका मलयाळी इंजिनियरशी तिने लग्न ठरवलं, आणि मुलाचा बाप निघाला माझं जुनं गिऱ्हाईक! एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि घरच्या शेडमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवायचा. एका मिलिंग मशीनवरून आम्ही तीन महिने एकमेकांशी बोललो नव्हतो.

ते ख्रिस्ती, आम्ही ख्रिस्ती. मला वाटलं, चला, सोपं आहे. पण आम्ही रोमन कॅथोलिक, पोपला मानणारे, आणि ते सीरियन, केरळातल्या एका जुन्या, वेगळ्या चर्चचे. त्यांचा सर्वांत मोठा धर्मगुरू अंत्युखियाचा पॅट्रिआर्क. "अंत्युखिया कुठे आलं?" मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, बायबलमध्ये आहे. वाचा कधीतरी."

पहिल्या बैठकीला मी सवयीप्रमाणे चढा भाव लावला. "मुलाने कॅथोलिक व्हायला पाहिजे," मी सांगून टाकलं. मला तो कॅथोलिक व्हायला नकोच होता. मला एवढंच हवं होतं की माझ्या मुलीला तिचं चर्च सोडावं लागू नये. वरून सुरुवात केली की खाली तिथे येऊन थांबता येईल, असा माझा हिशेब.

मुलाचा बाप शांतपणे केळ्याचे वेफर्स खात होता. हात पुसून म्हणाला, "शेठ, हम भी वही सोच रहे थे. मुलगी आमच्याकडे येईल. आमचे अच्चन तिला पवित्र तेलाचा अभिषेक करतील. मग लग्न." अच्चन म्हणजे त्यांचे फादर.

"तिचा बाप्तिस्मा झालाय!" मी ओरडलो. "सेकंडहँड माल आहे का, पुन्हा पॉलिश करायला?"

"ओरडू नका शेठ. तुमचा पोप ज्याच्या गादीवर बसतो तो पीटर, तुमचा पेत्र, रोमला कधी गेला? नंतर! आधी तो कुठे होता? अँटिओकला, म्हणजे अंत्युखियाला. ‘ख्रिश्चन’ हे नाव पण तिथेच पडलं. तुमचा पोप मोठा, मान्य. पण आमची गादी जुनी."

मुलगी उठून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मी काय लेथ आहे का?"

तिच्या आईने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. त्याला कारण होतं. माझी बायको प्रोटेस्टंट घरातली, शिक्षकाची मुलगी. आमच्या लग्नाच्या वेळी इथल्या तेव्हाच्या फादरनी सांगितलं, रोमचा नियम आहे. दोघांतला एक कॅथोलिक नसेल तर लग्न वेदीसमोर नाही. बाजूच्या खोलीत, जिथे मेणबत्त्या आणि झगे ठेवतात, तिथे आमचं लग्न लागलं. मिस्साची उपासना नाही, गाणं नाही. सासरे दारात उभे राहिले आणि आत आलेच नाहीत. नंतर बायकोने आपलं चर्च सोडलं. त्या खोलीचा राग माझ्या पोटात तीस वर्षं तसाच होता. मुलगी झाली त्या दिवशी मी ठरवलं होतं, हिचं लग्न मधल्या वेदीसमोर, सगळ्या दिव्यांत लावीन आणि मग बघू कोण काय बोलतं.

दोन आठवडे दोन्ही घरांतून फोन नाही. मुलगी जेवायची, ऑफिसला जायची, माझ्याशी बोलायची नाही. शेवटी मी आमच्या फादरकडे गेलो. नवे होते, वसईकडचे, माझ्या निम्म्या वयाचे. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "मला इतिहास सांगा. त्या अंत्युखियावाल्याला गप्प करायचंय."

फादर हसले. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी त्यावर पाच टिंबं काढली. रोम, कॉन्स्टँटिनोपल, आलेक्सांद्रिया, अंत्युखिया, यरुशलेम. म्हणाले, सुरुवातीच्या चर्चची ही पाच मोठी पीठं. प्रत्येकाचा मुख्य धर्मगुरू वेगळा. रोमचा मान पहिला. आधी दुसरा मान आलेक्सांद्रियाचा होता. मग रोमच्या बादशहाने राजधानी कॉन्स्टँटिनोपलला नेली आणि त्या शहराला दुसरा नंबर मिळाला. आलेक्सांद्रिया एक घर खाली.

"म्हणजे राजधानी हलली तशी रांग हलली?"

"तसंच."

मी खुर्चीवरून उठलोच. शहरात कुंभमेळ्याची तयारी चालू होती. आधी कुठल्या आखाड्याने नदीत उतरायचं, मागून कुणी, मधे किती वेळ, यावर आमच्या नाशिकात अधिकारी आणि महंतांच्या बैठकांवर बैठका होतात. रांगेतल्या एका जागेसाठी माणसं काय काय करतात हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचे ते बिशप मला एकदम ओळखीचे वाटायला लागले. अगदी पंचवटीतले!

"आणि अंत्युखियाचं बिनसलं कुठे?"

"ख्रिस्त देव आणि माणूस, ते कसं सांगायचं, यावर. शब्दांवर अडलं. दोघंही मानत होते तेच, असं आता दोन्हीकडचे म्हणतात. पण तेव्हा अंत्युखियाचे बरेच लोक बाजूला झाले. तुमचे व्याही त्यांच्यातले."

"व्याही नाही अजून."

मग फादरनी जे सांगितलं ते मला खरंच वाटेना. तेव्हाचे पोप, तेच म्हातारे, टीव्हीवर ज्यांचा हात थरथरताना दिसायचा, त्यांनी बाकीच्या चर्चना लिहून विचारलंय, माझं हे पद तुम्हा सगळ्यांना चालेल अशा रीतीने कसं वापरावं, ते शोधायला मला मदत करा. आणि ग्रीसला जाऊन, पूर्वी आपल्या लोकांनी तिथल्यांवर जे अत्याचार केले त्याची देवाकडे क्षमा मागितली.

"स्वतः? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

एवढ्या मोठ्या गादीवरचा माणूस स्वतःहून विचारतो, कसं करू सांगा! मी धंद्यात असा मालक बघितला नव्हता. आणि त्याच दमात मला संतापही आला. मग आमच्या वेळचा नियम कुठला होता? रोम तेच, पेत्र तोच, मग मी त्या खोलीत का? फादरना मी हे सगळं ऐकवलं, जरा जास्तच जोरात. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते चूक झालं. माझ्या आधीच्या माणसांच्या वतीने मी सांगतो, चूक झालं." तीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. पुढचं भांडण मी सोडून दिलं.

मग त्यांनी कपाटातून एक कागद काढला. इंग्रजी होता, त्यांनी मराठीत सांगितला. पोप आणि अंत्युखियाचे पॅट्रिआर्क यांच्यात आधीच समझोता झालाय. केरळात दोन्हीकडच्यांनी बसून अशा लग्नांचे नियमही केलेत. कुणी कुणाचं चर्च सोडायचं नाही. लग्न एकदाच, एकाच चर्चमध्ये. दुसऱ्या बाजूचा धर्मगुरू हजर राहून वाचन किंवा प्रवचन करू शकतो. "हा कागद केरळापुरता आहे," फादर म्हणाले, "इथे दोन्ही बिशपांची परवानगी मागू. देतील असं वाटतं."

मी स्कूटरला किक मारली ती थेट अंबडला. मुलाचा बाप शेडमध्ये मशीनला तेल घालत होता. मी कागदाची झेरॉक्स त्याच्या नाकासमोर धरली.

"बघा! तुमच्या पॅट्रिआर्कने आणि आमच्या पोपने सगळं मिटवलंय! आपण दोघंच भांडतोय!"

त्याने कागदाकडे बघितलं सुद्धा नाही. तेलाची बुधली खाली ठेवली. "माझ्या बहिणीच्या मुलीचं असंच झालंय कोट्टायमला. चार वर्षं झाली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"शेठ, शेवटचा रेट कुणी पहिल्यांदा सांगतो का?"

"अहो, माझी मुलगी दोन आठवडे रडतेय!"

"आणि माझा मुलगा? तो जेवत नाही. मला काय माहीत तुमचा खरा रेट काय होता? मुलाने कॅथोलिक व्हावं, असं तुम्हीच बोलला ना?"

त्या क्षणी आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू फुटलं. असं हसलो की शेजारच्या शेडमधला वेल्डर काच वर करून बघायला लागला. मुलाच्या बापाला अभिषेक नको होता, मला धर्मांतर नको होतं, आणि पोरांचा जीव मात्र आम्ही टांगणीला लावला होता.

पण एक गोष्ट राहिलीच होती. एकाच चर्चमध्ये म्हणजे कुणाच्या? त्या संध्याकाळी दोन्ही घरं आमच्याकडे बसली. मी म्हणालो, आमच्या. मधली वेदी. तो म्हणाला, आमच्यात लग्न मुलाच्या चर्चमध्ये होतं. आवाज पुन्हा चढले. पाच पीठं निघाली, पेत्र निघाला, कोण आधी कोण नंतर सगळं निघालं.

तेव्हा बायको बोलली. आतापर्यंत ती चहाच देत होती.

"अहो, तुम्हाला वेदी कुणासाठी पाहिजे? तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

मी रिकामाच कप तोंडाला लावला.

"मला त्या खोलीचं काही वाटलं नव्हतं. मला वाईट वाटलं ते चर्च सोडण्याचं. ते कुणी कधी विचारलं नाही, तुम्हीसुद्धा. हिला सोडावं लागत नाहीये. बस. लग्न त्यांच्याकडे होऊ द्या."

मला वाटत होतं, मी तीस वर्षं तिच्या वतीने रागावतोय. ती कशासाठी झुरत होती, ते मला त्या दिवशी कळलं. मुलाच्या बापाने मान खाली घातली. म्हणाला, "चेची, तुमचे फादर आमच्याकडे मराठीत वाचतील. मी आमच्या अच्चनना सांगतो." चेची म्हणजे ताई. मी हो म्हटलं. त्या दिवशी मी पुढे काहीच मागितलं नाही, हे माझ्या ओळखीच्या माणसांना आजही खरं वाटत नाही.

परवानग्या यायला पाच महिने लागले. लग्न त्यांच्या अंबडच्या छोट्या चर्चमध्ये झालं. धुपाचा धूर, सुरियानी या त्यांच्या जुन्या भाषेतली गाणी, आणि मधेच आमच्या फादरचा वसईकडच्या वळणाचा मराठी आवाज. बायको पहिल्या बाकावर होती.

खरी परीक्षा पुढच्या रविवारी. सकाळी मी मिस्साला लवकर गेलो आणि दाराकडेच बघत बसलो. मुलगी आली. नवरा बरोबर होता, मागच्या बाकावर बसला. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या वेळी ती उठली आणि लहानपणापासून उभी राहायची तशीच आमच्या रांगेत, आईच्या पुढे उभी राहिली. मीही घाईघाईने तिथे घुसलो. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, धक्का काय देताय? संपणार नाहीये."

बाहेर आल्यावर जावई घड्याळ बघत म्हणाला, "पप्पा, एवढ्यात झालं? आमच्याकडे आता कुठे सुरू होईल."

"मग निघा," मी म्हणालो. "उशीर करू नका."

मुलगी बाईकवर त्याच्या मागे बसली, ओढणी आवरली आणि दोघं अंबडच्या रस्त्याला लागले.