चमचाभर माती

बायकोची रक्षा मी नदीत सोडली नाही, कोथरूडच्या टेकडीवर एका पळसाखाली पुरली. तेव्हापासून मनाला एकच खात होतं, की तिला या ओसाडीत एकटीला टाकून आलो. वैशाखात एका सकाळी गेलो, तर एक बाई नेमकी तिथंच चमच्यानं माती उकरत होती.

"अहो, हात काढा! माझी बायको आहे तिथं."

तिनं घेतलेली माती परत ठेवली आणि वर पाचोळा पसरला, निजलेल्या पोरावर चादर घालावी तसा. "माफ करा, काका. दर ऋतूत मी माती तपासायला नेते."

"या भाजलेल्या मातीत काय मेलंय?"

"मेलं काहीच नाही. या चमच्यात अख्ख्या पुण्यातल्या माणसांपेक्षा जास्त जीव आहेत. उन्हाळ्यात बरेचसे निजतात. पाऊस मुरला की काही तासांत उठून कामाला लागतात."

मी खालीच बसलो. एवढ्या गर्दीत होती ती, आणि मी रडत होतो.

"न्या एक चमचा," म्हटलं.

उतरताना चप्पल हातात घेतली. पाय भाजले, पण एवढ्या जिवंत लोकांच्या डोक्यावरून पायताण घालून कसा चालणार?