मध्यंतरानंतर

रविवारी सकाळी शेजारच्या नलूताई आणि त्यांच्या मीराबरोबर मी सिनेमाला गेले. मीरा चोवीस वर्षांची आहे, स्वमग्न आहे. काळोख आणि कानठळ्या बसवणारा आवाज तिला सोसत नाही. हा खेळ तिच्यासारख्यांसाठीच होता. दिवे पूर्ण विझवलेच नाहीत, आवाजही घरच्या टीव्हीइतका. पडद्यासमोर एक आजोबा नातीबरोबर गिरक्या घेत होते. मागे कुणीतरी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणत होतं. मीरा मधल्या वाटेवरून येरझारा घालत होती. एरवी अशा वेळी चार माना वळतात. इथे एकही वळली नाही. नलूताई मात्र पर्स खांद्याला अडकवून खुर्चीच्या कडेवरच बसल्या होत्या.

मध्यंतर झालं आणि त्या उठल्या. "चला."

"अहो, अजून अर्धा राहिलाय!"

"हो की." त्या ओशाळल्या. "सवय गं. मध्यंतरापर्यंत टिकलो तरी खूप असायचं."

मी आजूबाजूला पाहिलं. आणखी चार-पाच आया पिशव्या उचलून अशाच अर्धवट उभ्या होत्या, आणि एकमेकींकडे बघून हसत पुन्हा बसत होत्या. इतकी वर्षं या बायकांनी किती गोष्टींचे शेवट स्वतःच्या मनाने लावले असतील!

सिनेमा संपला. पडद्यावरून नावं वर सरकू लागली. मीरा पुढे जाऊन त्या नावांना हलकेच बोट लावू लागली. नलूताईंची पर्स केव्हाच पायाशी घसरली होती.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "शेवटी एवढी नावं येतात?"