डाव्या बाजूचा फॉग लाइट

बाबांनी शंभर वॅटचा बल्ब आणला तेव्हा मी सुट्टी काढून कोहक्यातल्या आमच्या घरी आले होते. त्यांची शाळेची व्हॅन होती. स्मृती नगरातली मुलं सकाळी शाळेत सोडायची आणि दुपारी घरी आणायची. स्टील प्लांटमधलं ठेकेदाराकडचं काम सुटल्यावर त्यांनी ती जुनी व्हॅन घेतली आणि तिच्याच भरवशावर मला इलेक्ट्रिकलची डिग्री करू दिली. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

हिवाळ्यात तलावाच्या अंगानं धुकं पसरतं, म्हणून बंपरखाली दोन फॉग लाइट लावलेले होते. डाव्याचा उजेड कमी पडतो, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी तो बल्ब आधीही बदलून पाहिला होता. शेवटी सुपेल्यातल्या दुकानदारानं सांगितलं, काकाजी, सौ का लगा लो, टेन्शन खतम.

मी तो लावू दिला नाही. दिव्याच्या मागे पंचावन्न वॅट असं कोरलेलं होतं, ते त्यांना दाखवलं. तेवढ्याच उष्णतेसाठी होल्डर आणि काच बनलेली असते. शंभरचा लावला की जवळपास दुप्पट करंट ओढला जातो. वायर तापते, होल्डर वितळतो. फ्यूज उडतो म्हणून लोक मोठा फ्यूज टाकतात, मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायरच पेटते. शिवाय धुक्यात जास्त उजेड टाकला तर तो उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

बाबांनी लगेच बल्ब डब्यात ठेवला. मागे लेकरं बसतात, एवढं त्यांना पुरे होतं. आई म्हणाली, "मायं तं कधी एवढ्या लवकर आयकलं नाही."

"तू कुठी इंजिनेर आहेस?" बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघून हसले की मला अवघडल्यासारखं झालं.

पण डावीकडचा उजेड कमी का, ते शोधायचं राहिलंच होतं. दोन्ही होल्डरवर मीटर लावला, व्होल्टेज सारखं होतं. अर्थिंगची तार घासून पुन्हा घट्ट केली. मग डावीकडचा बल्ब उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे घातला. बल्बात दोष असता तर अंधार उजवीकडे गेला असता. बाबा म्हणाले, डावीकडंच आहे.

दिवस मावळल्यावर व्हॅन कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली. भिंतीवर दोन पिवळे पट्टे पडले. मला ते अगदी सारखे दिसत होते. बाबा स्टिअरिंगवर बसले होते. समोर बघत राहा, असं त्यांना सांगून मी डाव्या दिव्यापुढे जाऊन उभी राहिले. उजेड माझ्या गुडघ्यांवर आणि ओढणीच्या टोकावर पडला होता.

"आता सांगा बाबा, पडते का उजेड?"

"तू आधी उजेडात तं ये माय," ते आतून म्हणाले. "तिकडं अंधारात कावून उभी आहेस?"

मी तिथून हललेच नाही. नंतर त्यांनी मान वळवली आणि मी त्यांना दिसले. मुलं व्हॅनमध्ये डाव्या बाजूनंच चढतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, डावीकडे जास्त. औषधानं आहे ती नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही, आणि गाडी चालवायची नाही. घरी येताना मी स्कूटरवर पुढे होते आणि बाबा मागे. तरीही रस्ताभर मी आठवेल त्या देवाला म्हणत होते, दिव्यातच काही बिघडलेलं निघू दे.

रविवारी ते प्रत्येक मुलाच्या घरी स्वतः सांगायला गेले. मी सोबत होते. एका घरातली बाई म्हणाली, अंकल, परीक्षा तक तो चला दीजिए, धुंध भी अब कम हो रही है. बाबांनी हात जोडले आणि नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला तिचा मुलगा दारात उभा होता. त्यानं रोजच्या सवयीनं टाळीसाठी हात पुढे केला. तो बाबांच्या डाव्या अंगाला होता. बाबा पायऱ्या उतरून गेले. त्या हातावर मीच टाळी दिली.

फाटकापाशी बाबा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले तं अजूनही वाटते का मले सगळं दिसते. खरं सांगतो. भिंत दिसते, रस्ता दिसते. काही कमी आहे असं मले वाटतच नाही. तू म्हणतेस म्हणून सोडून राहिलो."

मला सांगायचं होतं, माझं चुकलं असेल, पुन्हा एकदा तपासून पाहू. पण मी तपासलं होतं. दोन्ही दिवे बरोबर होते. मी त्यांचा डावा हात धरला आणि आम्ही पुढच्या घराकडे निघालो.