नुसतं हिंडायला

माझी नणंद माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. चोविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती वडनेर भोलजीला माहेरी परत आली. वडिलांनी तिच्या नावे केलेलं पाच एकर शेत ती तेव्हापासून एकटी कसते. मी आणि माझे यजमान बुलडाण्याला राहतो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, आता घरीच असते. तिला मी ताई म्हणते.

संक्रांत झाल्यावर आम्ही वडनेरला गेलो होतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपली होती आणि हरभऱ्याला घाटे धरले होते. जेवता जेवता ताई म्हणाली की तिला समुद्र पाहायचा आहे. साधा किनारा नको, जिथे जमीन संपते ती जागा पाहायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी गल्लीतल्या मुलींना मी तिच्या ओसरीवर बसून द्वीपकल्प म्हणजे काय ते सांगितलं होतं. तीन बाजूंनी पाणी, एका बाजूने जमीन. त्या मुली परीक्षा देऊन ते विसरल्या असतील. भाजी निवडत बसलेल्या ताईने ते लक्षात ठेवलं होतं.

यजमानांनी लगेच रामेश्वर सुचवलं. समुद्रही होईल आणि दर्शनही होईल, शिवाय ओळखीच्या लोकांची गाडी निघणार होती. ताईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. आमच्या वऱ्हाडात बायकाही स्वतःला 'गेलो, जातो'च म्हणतात, तशी ती म्हणाली,

"देवाले नाही जात मी. देवाले जाऊन आलो, लग्नाले गेलो, मयतीले गेलो, दवाखान्यात गेलो. नुसतं हिंडाले कधीच नाही गेलो. आता जातो."

मग मी येतो सोबत, असं यजमान म्हणाले, तर तिने तेही नको म्हटलं. तू आला की तुझ्या चहाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, त्यापेक्षा तू इथे राहून हरभरा राख. माझ्यासोबत ही येईल. 'ही' म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर नकाशावर इतकी वर्षं बोट फिरवून मीही तशी जागा पाहिली नव्हती.

मलकापूरहून ठाणे आणि ठाण्याहून कोकणची गाडी, असं करत आम्ही सिंधुदुर्गातल्या एका लहान गावी पोचलो. तिथे जमिनीची एक लांब जीभ समुद्रात गेलेली आहे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. राहायला एका घरातली खोली मिळाली. घरमालकीण बोलकी होती. तिने पहिल्यांदा विचारलं ते नवस कोणता फेडायचा आहे. नवस काही नाही, फिरायला आलो, असं ताईने सांगितल्यावर तिला ते पटायला जरा वेळ लागला.

दुपारी आम्ही किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर गेलो. ताई सुरूच्या झाडांपाशी थांबली, पुढे आली नाही. एखादं शेत ओलांडावं एवढं अंतर ठेवून ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"हे थांबत नाही काय कधी?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी यजमानांचा फोन आला. आवाज पडलेला होता. आदल्या रात्री रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शेतात शिरला होता आणि खालच्या तुकड्यातला हरभरा बराचसा तुडवला, खाल्ला होता. ते स्वतःलाच दोष देत होते. तार लावून घ्यायला हवी होती, मी झोपलो तिथेच चुकलं, असं पुन्हापुन्हा म्हणत होते. ताईने ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि फोन माझ्याकडे दिला.

सकाळी मी पिशवी भरायला घेतली. आमची परतीची तिकिटं दोन दिवसांनंतरची होती, पण उभ्याने का होईना आजच निघावं लागणार हे मी धरूनच चालले होते. मागे वळून पाहिलं तर ताई चप्पल घालून दारात उभी.

"कायले भरून राह्यली ते? टोकावर जाचं आहे न."

मी हरभऱ्याचं म्हटलं. ती म्हणाली, "रोही खाऊन गेले. मी आज गेलो तरी घाटे परत लागतीन काय?"

घरमालकिणीने होडीतून जा म्हणून सुचवलं. ताईचा उजवा गुडघा वर्षभर सुजलेला होता, आणि वाट सड्यावरून, काळ्या-तांबड्या कातळावरून जाणारी. होडीतून टोक तर दिसेलच, वर डॉल्फिनही दिसतील. ताईला जमिनीवरूनच जायचं होतं. घरमालकिणीने मग परसातली एक काठी आणून दिली.

रिक्षा गावाबाहेरच्या देवळापर्यंत गेली. पुढे चालत. ताई दर पन्नास पावलांवर थांबायची, काठीवर भार टाकून श्वास घ्यायची आणि निघायची. मधे एकदा तिचा पाय घसरला, ती गुडघ्यावरच आपटली आणि रक्त आलं. मी परत फिरू म्हणाले. तिने पिशवीतला रुमाल काढून करकचून बांधला आणि माझ्या हाताला धरून उठली.

पण खरी अडचण तिची नव्हती, माझी निघाली. टोकाच्या आधी ती जीभ एकदम अरुंद होते, दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढीच. डावीकडे खोल खाली लाटा फुटत होत्या, उजवीकडे खाडीचं हिरवं पाणी. वारा अंगाला ढकलत होता. मी मटकन खाली बसले. मी एवढी वर्षं फळ्यावर काढलेली ती रेघ प्रत्यक्षात अशी होती. मला पुढे जाता येईना आणि उठून मागेही वळता येईना. मी ताईला सांगितलं की मी इथेच बसते, तू जाऊन ये.

ती चार पावलं पुढे गेली होती, तिथूनच परत आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "पाण्याकडे नको पाहू. माह्या पाठीकडे पाह्य. मी लंगडतो, हळूच चालतो. तुले जमते."

मी तिच्या पदराचं टोक धरलं आणि तिच्या पाठीवर नजर ठेवून चालले. लुगड्याच्या त्या जांभळ्या चौकड्या अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ती एकदाही वळली नाही, फक्त मधूनमधून 'आलं, आलं' म्हणायची.

टोकावर थोडं गवत होतं, एक पडकी चौकी होती आणि त्यापुढे काही नव्हतं. ताई कातळावर पाय लांब करून बसली. डावीकडे पाहिलं, समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथं कोणाचाच धुरा नाही, बांध नाही. पंचेचाळीस वर्षं झाले, शेजारवाला धुऱ्याचा दगड सरकवते अन् मी परत लावतो." ती हसली. आम्ही घरमालकिणीने दिलेली घावनं खाल्ली आणि उन्हं उतरेपर्यंत तिथेच बसलो. परतताना त्या अरुंद जागी मी पदर धरला नाही, पण तिच्या मागेच राहिले.

उरलेला दिवसही आम्ही तिथेच काढला. ताई शेवटी पाण्यात घोट्यापर्यंत उतरली.

वडनेरला आल्यावर ती आधी शेतात गेली. खालचा तुकडा गेलाच होता, वरचा बरा होता. यजमान काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं की दोन वर्षांमागे ती स्वतः राखणीच्या माचीवर जागत होती, तरी रोही शिरलेच होते. गुडघा पंधरा दिवस ठणकत राहिला. डॉक्टरांनी कुठे एवढं चाललात म्हणून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं, गोळ्या घेतल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाली, पुढच्या माघात या गुडघ्याने बारकी पावलं टाकत जाता येईल अशी एखादी जागा शोधून ठेव, पण टोकाचीच.